‘आ’च्या खणातलं कार्ड

ताईंच्या शेजारच्या टेबलावर मी सोळा वर्षं काढली, आणि त्यातली निदान पंधरा त्यांच्यावर वैतागण्यात गेली. बाई स्वभावाने गोड होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्यांच्या थांबण्याबद्दल होती. टाइप करता करता त्या मध्येच थांबायच्या, मान वाकडी करायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, “हा कुठून आला असेल बरं?” हा म्हणजे कुणी माणूस नव्हे, तर कागदावरचा शब्द. तोवर माझी दोन पानं झालेली असायची आणि दिवसाचा हिशोब दोघींचा मिळून लागायचा.

आमची टायपिंगची खोली हॉस्पिटलच्या तळघरात होती. एका बाजूला धुलाईखाना, दुसऱ्या बाजूला जुन्या फाइलींची कोठी. वर छताजवळ एक आडवी खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. दोन टेबलं, दोन टाइपरायटर, एक कपाट आणि दाराजवळ शिपाईमामांचं स्टूल. वरच्या वॉर्डांत डॉक्टर सकाळी राऊंड घ्यायचे, प्रत्येक रुग्णाच्या कागदावर आपापल्या अगाध अक्षरात काहीबाही लिहायचे, आणि अकराच्या सुमाराला मामा ते सगळे कागद ट्रेमध्ये घालून खाली आणायचे. आम्ही ते कार्बन लावून तीन प्रतींत टाइप करायचो. मग ट्रे वर.

दारामागे दोन नियम चिकटवलेले होते. पहिला: जे लिहिलंय तेच टाइप करायचं, त्यातलं अवाक्षर कुणाला सांगायचं नाही. दुसरा: आपल्या घरचं माणूस हॉस्पिटलात असेल तर त्याचा कागद आपण टाइप करायचा नाही, शेजारणीला द्यायचा. दुसरा नियम कुणी केला माहीत नाही, पण शहाण्या माणसाने केला असणार. निदान त्या दिवसापर्यंत मला तसंच वाटत होतं.

माझी काम करायची पद्धत सोपी होती. कागदावरचं डोळ्यात, डोळ्यातलं बोटांत. मध्ये डोक्याला त्रास द्यायचा नाही. याला एक कारण घडलं होतं. मी नवी असताना एका कागदावर ‘मोरिबंड’ असा शब्द आला. मला तो इतका गोंडस वाटला, एखाद्या बिस्किटाचं नाव असावं तसा, की मी तो मोठ्याने म्हणून दाखवला. ताईंनी चष्मा काढला आणि हळूच सांगितलं, “लॅटिनमध्ये मोरी म्हणजे मरणं. हा माणूस आज-उद्या जाणार, असं लिहिलंय गं ते.” त्या दिवशी मला डबा गेला नाही. तेव्हाच कानाला खडा लावला. पुन्हा अर्थ विचारायचा नाही.

ताईंचं उलट. वरचे मोठे डॉक्टर, म्हणजे वयाने आणि हुद्द्याने मोठे, अंगाने चिमणीएवढे, त्यांना साधं लिहायचं वावडंच होतं. रुग्णाला उचकी लागली तर हे लिहिणार ‘सिंगल्टस’. आम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडायचो, म्हणजे मी मोडायची. ताई तो शब्द चिठ्ठीवर उतरवून घ्यायच्या आणि पाच वाजता, सगळी दुनिया घराकडे पळत असताना, तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरांच्या वाचनालयात जायच्या. टायपिस्टांना तिथे पाचनंतरच प्रवेश होता. जाडजूड शब्दकोश उघडायच्या, शब्दाचं मूळ शोधायच्या आणि दुसऱ्या दिवशी एक कार्ड तयार. वर लाल शाईत इंग्रजी शब्द, खाली निळ्या शाईत त्याचं लॅटिन कूळ आणि मराठी अर्थ.

एकदा सकाळी आल्या त्या पर्स न ठेवताच म्हणाल्या, “फॉर्मिकेशन! माहितीये काय? फॉर्मिका म्हणजे लॅटिनमध्ये मुंगी. कातडीवर काहीतरी सरसरल्यासारखं होतं ना, तो त्रास. म्हणजे बघ, त्यांनाही मुंग्याच आल्या आणि आपल्यालाही मुंग्याच येतात. एकमेकांना विचारलं तरी होतं का?”

मी म्हटलं, “ताई, ट्रे भरलाय.”

कार्डांसाठी एक लाकडी पेटी होती, छोट्या छोट्या खणांची, आणि प्रत्येक खणावर एकेक मराठी अक्षर रंगवलेलं. ती त्यांच्या यजमानांची करामत. ते पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. त्यांना सगळे पेंटर म्हणायचे, खुद्द ताईसुद्धा. “आमचे पेंटर आयुष्यभर अक्षरं काढतायत, पण एका शब्दाचा अर्थ विचारतील तर शपथ,” असं त्या म्हणायच्या. त्या पेटीवरचा ‘अ’ मात्र असा काढला होता की कामाचा कंटाळा आला की मी त्याच्याकडे बघत बसायची.

पेंटरविषयी ताईंची एकच कायमची तक्रार. त्यांचं उठणं. “रोज पहाटे साडेपाचला सुरू होतं. दोन्ही हात भिंतीला लागेपर्यंत वर, पाय पलंगाबाहेर, आणि घशातून असा काही आवाज काढतात की वरच्या बिऱ्हाडातलं तान्हं दचकून रडायला लागतं. एकोणतीस वर्षं सांगतेय, अहो, जरा हळू!” हे आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागायचं. त्यांच्या डोळ्यांखाली त्या दिवशी झोप साचलेली दिसायची.

मग एका दुपारी पेंटर एका दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून खाली आले. डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. आणले ते आमच्याच हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर.

शस्त्रक्रिया झाली, पण पेंटर जागे होईनात. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. मोठे डॉक्टर ताईंना म्हणाले होते की डोक्यातली सूज उतरते आहे, पण जाग कधी येईल, येईल की नाही, सांगता येत नाही. आणि आणखी एक. शिडीवरून पडल्यापासून उजवी बाजू जराही हललेली नव्हती. चिमटा काढला तर डावा हात मागे जायचा, उजवा तसाच. ब्रश धरायचा हात उजवा.

ताईंनी तीन दिवस रजा घेतली आणि चौथ्या दिवशी कामावर आल्या. वॉर्डात सकाळी सातला पाच मिनिटं आणि दुपारी चारला तासभर, एवढंच आत सोडायचे. “घरी बसून भिंती बघण्यापेक्षा इथे बरी. तीन मजले वर तर आहेत,” म्हणाल्या. टाइप करायच्या, पण थांबणं बंद झालं होतं. शब्द येत होते, जात होते, ताई कुणालाच अडवत नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा वेग माझ्याएवढा झाला आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

एका दुपारी कार्बन लावता लावता म्हणाल्या, “हात गेला तरी चालेल मला. माणूस उठू दे.” मग बारीक आवाजात, “पण हाताशिवाय ते करतील काय गं?” मी उगाच खोडरबर शोधत राहिले.

अकराव्या दिवशी अकरा वाजता मामांनी ट्रे आणला. ताईंचा ढीग ताईंपुढे ठेवला आणि एक कागद वेगळा काढून, नियमाप्रमाणे, माझ्यापुढे. पेंटरचा. रोज तो एक कागद मी टाइप करायची आणि रोज त्यावर तेच असायचं, बदल नाही. त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी घाईघाईत पाचच गोष्टी लिहिल्या होत्या. सकाळी आठ वीस. पँडिक्युलेशन, दोनदा. आपोआप. बायलॅटरल. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून: पत्नीला आजच कळवावे.

पहिला शब्द मी जन्मात पाहिला नव्हता. पण बायलॅटरल म्हणजे दोन्ही बाजूंना, एवढं सोळा वर्षांत नको म्हणताना डोक्यात शिरलं होतं. उजवी बाजू आधीच गेलेली. आता जे काही झालं होतं ते दोन्ही बाजूंना झालं होतं, एकदा सोडून दोनदा झालं होतं, आणि बायकोला बोलवा म्हणत होते. यातून दुसरं काय समजायचं?

मी कागद दुसऱ्या कागदांखाली सरकवला. ताईंनी विचारलं, “काय लिहिलंय आज?” रोज विचारायच्या आणि रोज मी “तेच” म्हणायची, एवढा नियमभंग आम्ही करत होतो.

“तेच,” मी म्हटलं.

पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन मी मामांना गाठलं. “मामा, वर जा आणि मोठ्या डॉक्टरांना विचारा, हा शब्द काय आहे. ताईंना कळता कामा नये.” मामा चिठ्ठी घेऊन गेले आणि दहा मिनिटांत धापा टाकत परत आले.

“मोठे डॉक्टर सकाळपासून ऑपरेशनला आत आहेत. चारशिवाय बाहेर येत नाहीत. आणि बाई... पेंटरच्या कॉटभोवती पडदा ओढलाय.”

“पडदा?”

“पुरा. सिस्टरनी मला बघितलं आणि म्हणाल्या, बाईंना निरोप पोचला का? मी हो म्हणालो आणि पळालो.”

“पळालात कशाला? विचारायचं ना!”

“माझी छाती झाली नाही,” मामा म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी त्यांना पुन्हा वर पाठवलं नाही, आणि स्वतः तर पाऊलही उचललं नाही. माझी तरी छाती कुठे होती?

त्यानंतरचे तास आठवले की आजही मला माझा राग येतो. आम्ही दोघांनी मिळून ताईंची जी सेवा मांडली ती बघण्यासारखी होती. मामांनी न मागता चहा आणला, तोही कपातून, टवका न उडालेल्या कपातून. मी पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. त्यांच्या ढिगातले अर्धे कागद मी माझ्याकडे ओढले.

“आज काय आहे गं?” ताईंनी विचारलं. “माझा सत्कार आहे की काय?”

मी हसले. कसं हसले ते मला दिसलं नाही ते बरं.

एक वाजता ताई डबा धुवायला नळावर गेल्या. मी उठले आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा त्या पेटीला हात लावला. ‘प’चा खण ओढला. पँडिक्युलेशन इथेच असणार. पण आत सगळी भलतीच कार्डं! लाल शाईतला एक शब्द एस-चा, दोन बी-चे, एक टी-चा. पी-चं एकही नाही. मी मागून पुढे आणि पुढून मागे दोनदा चाळलं. ताईंच्या चपला वाजल्या तसा खण ढकलून खुर्चीत येऊन पडले. तीस वर्षं शब्द गोळा करणाऱ्या बाईकडेही जो शब्द नाही, तो किती भयंकर असेल! मला ते बिस्किटासारखं गोंडस ‘मोरिबंड’ आठवलं आणि डोळे भरून आले. डोळ्यात कार्बनचा कण गेला म्हणून सांगितलं. ताईंनी आपल्या पदराच्या टोकाला फुंकर मारून, गरम करून, माझा डोळा शेकला. त्यांनी माझा!

साडेतीनला ताई आवरायला लागल्या. चारला वॉर्डात जायचं म्हणून आरशाचा तुकडा काढून केस नीट केले. बेशुद्ध माणसाला भेटायला जाताना त्या रोज केस नीट करायच्या. ते बघितलं आणि मला राहवेना. ही बाई अशी, केस विंचरून, जिना चढून जाणार आणि त्या पडद्यापुढे एकटी उभी राहणार. दारामागचे दोन्ही नियम गेले खड्ड्यात.

“ताई,” मी म्हटलं, “बसा. बसा जरा. मी सकाळपासून तुमच्यापासून एक कागद लपवलाय.”

मामा दारात येऊन उभे राहिले. ताईंनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हात पुढे केला. मी कागद दिला.

त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

“बायलॅटरलच आहे ना गं ते?” त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. “मला दिसेना झालंय. तू वाच. बायलॅटरलच ना?”

“हो, ताई,” मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

“दोन्ही,” ताई म्हणाल्या. “दोन्ही हात. उजवासुद्धा.”

मग त्या वळल्या, पेटीचा अगदी वरचा, ‘आ’चा खण ओढला आणि न शोधता त्यातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. जुनं, कडा पिवळ्या पडलेलं. वर लाल शाईत: पँडिक्युलेशन. खाली ताईंचं गोल अक्षर.

‘लॅटिन पांडेरे, म्हणजे पसरणे, उलगडणे. त्यावरून पांडिकुलारी, अंग ताणणे. एक्स्पांड हा याच घरातला. अर्थ: झोपेतून उठताना जांभई देत हातपाय ताणणे. मराठीत आळोखेपिळोखे. (आमच्याकडे रोज पहाटे साडेपाच. आवाजासकट.)’

आळोखेपिळोखे! अकरा दिवस लाकडासारखा पडलेला माणूस सकाळी आठ वीसला, दोन्ही हात वर करून, आळोखेपिळोखे देत होता. एकदा नाही, दोनदा. माझा जीव असा काही भांड्यात पडला की मी मामांच्या स्टुलावर बसकणच मारली.

“पण मी पेटी बघितली होती!” मी ओरडले. “‘प’मध्ये नव्हतं!”

“‘प’मध्ये कसं असेल? मी अर्थावरून लावते. शब्द विसरते मी, अर्थ नाही विसरत.” आणि मग त्यांच्या लक्षात आलं. “तू कधी बघितलंस?”

“एक वाजता.”

“आणि कागद कधी आला?”

“अकराला.”

ताई उभ्या राहिल्या. त्यांना इतकं चिडलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. “साडेचार तास! हे वर आळोखेपिळोखे देतायत आणि मी इथे कुणाच्या तरी मुतखड्याचा अहवाल टाइप करतेय! साडेचार तास, मेले! सोळा वर्षांत एक कार्ड उचलून वाचलं असतंस तर हात झडला असता का तुझा?” आणि असं म्हणत म्हणत त्यांनी मला स्टुलावरून उठवून घट्ट मिठी मारली. त्यांच्या अंगाला कार्बनचा वास होता. मामा तोंड फिरवून दाराच्या कडीशी काहीतरी करत होते.

“चल,” ताई म्हणाल्या. “मला एकटीला जिना चढवणार नाही.”

वरच्या मजल्यावर मोठे डॉक्टर नुकतेच ऑपरेशन संपवून आले होते, डोक्यावर टोपी तशीच. ताईंना बघून त्यांचा थकलेला चेहरा उजळला. “वाचलंत ना? मुद्दाम तोच शब्द लिहिला तुमच्यासाठी. आठवतं, नऊ वर्षांपूर्वी तुम्ही मला जिन्यात अडवून विचारला होतात? म्हटलं, अकरा वाजता तुमच्या हातात पडेल आणि तुम्हालाच पहिल्यांदा कळेल. सिस्टरनाही सांगितलं, बाईंना निरोप दिलाय म्हणून.”

“घरच्या माणसाचा कागद आम्हाला टाइप करता येत नाही, डॉक्टर,” ताई म्हणाल्या. “नियम आहे.”

डॉक्टर गोंधळले. “मग माझा कागद टाइप केला कुणी?”

मी छताकडे बघत म्हटलं, “अजून केला नाही.”

त्यांनी पुढचं नीट समजावून सांगितलं. त्यानंतर लगेच हाक मारली तेव्हा पेंटरनी डोळे उघडले होते. बोट दाबा म्हटल्यावर दाबलं होतं, उजव्या हातानेही, अगदी हळू. पडदा अंग पुसण्यासाठी ओढला होता. रस्ता लांब आहे, ब्रश धरायला कित्येक महिने जातील, पण माणूस परत येतो आहे. ताई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या आणि एकही वाक्य ऐकत नव्हत्या. त्यांचं सगळं लक्ष कॉटकडे.

पेंटर डोळे मिटून पडले होते. डोक्याला पट्टी, दाढीचे खुंट वाढलेले, घशात नळी. ताई कॉटजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो.”

पापण्या हलल्या.

“अहो, चार वाजले.”

आधी जबडा हलला. मग खांदे. मग डावा हात चादरीतून निघाला आणि वर गेला, आणि त्याच्या मागोमाग, अडखळत, कोपरातून वाकडा होत, उजवाही निघाला. बोटं उलगडली. त्या बोटांच्या नखांत अजून पाटीचा लाल रंग होता. पाय ताणले गेले आणि चादर सरकून तळवे कॉटच्या बाहेर आले. सलाइनचा स्टँड डगमगला, सिस्टरनी धावत येऊन धरला.

नुसता आवाज तेवढा नव्हता. घशात नळी होती, आवाज येणार कुठून?

ताईंनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग एकोणतीस वर्षं त्या माणसाला “हळू, हळू” म्हणत आलेल्या त्या बाईने, भर वॉर्डात, मान मागे टाकून, त्याच्या वाटचा तो आवाज स्वतः काढला. लांबलचक, घोगरा, वरच्या बिऱ्हाडातलं पोर जागं होईल असा. शेजारच्या कॉटवरचा रुग्ण दचकून उठून बसला.

सिस्टर म्हणाल्या, “बाई, हळू!”

पेंटरनी डोळे उघडले आणि आवाज कुठून आला ते बघायला मान वळवली.